विकण्यासाठी कोरलेली अस्मत ढाल 'खरी' म्हणायची का?

कैरीची_डाळ

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चार वर्षं आम्ही जकार्तात आहोत, आणि येत्या मे महिन्यात कायमचे पुण्याला परततोय. जाण्याआधी इथली एक तरी वस्तू घरात असावी असं फार मनात आहे. बाटिकच्या साड्या आणि वायांगच्या बाहुल्या झाल्या, त्या सगळेच नेतात.

मेंतेंग भागात जालान सुराबाया नावाचा रस्ता आहे. एका कडेने ओळीत जुन्या वस्तूंची दुकानं. जहाजावरचे पितळी दिवे, ग्रामोफोन, डच काळातल्या बश्या, काय वाट्टेल ते. तिथे गेल्या रविवारी एका दुकानाच्या अगदी मागे, भिंतीला टेकवलेली लाकडी ढाल दिसली. माझ्या खांद्याच्याही वर येणारी, लांबट, एकाच फळीची. पांढऱ्या जमिनीवर गेरूसारख्या लाल रंगाचे उठावदार आकार, कडेने काजळी काळा. वरच्या टोकाला छोटी मानवाकृती, कडेबाहेर डोकं काढून बघतेय अशी. दुकानदार म्हणाला, पापुआची अस्मत ढाल आहे, म्हणजे न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडच्या अर्ध्या भागातल्या अस्मत लोकांची.

त्याने ती उलटी करून दाखवली. मूठ वेगळी ठोकलेली नाही, त्याच लाकडातून कोरून काढलेली. मी हात घातला. चार बोटं नीट बसली, पण आतून लाकूड खरखरीत, छिन्नीचे घाव जसेच्या तसे लागत होते. हात बाहेर काढला तर तळव्याला पांढरी भुकटी. घरी येईपर्यंत त्या हाताला धुराचा वास होता.

दुकानदाराचं म्हणणं, ६० वर्षं जुनी आहे, लढाईत वापरलेली आहे. किंमत ८० लाख रुपिया, म्हणजे आपले चाळीस-बेचाळीस हजार. त्याच्याच शेजारी अशाच दोन नव्याकोऱ्या ढाली निम्म्या किमतीत होत्या. त्या 'टुरिस्टांसाठी' केलेल्या.

नवरा म्हणतो, विकण्यासाठी केलेली ढाल म्हणजे शोभेची फळी, तिला ढाल कशाला म्हणायचं? मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगताही येत नाहीये. कुणाला या ढालींची माहिती आहे का? जुनी घेऊ की नवी घेऊ की नकोच?

अवखळ_वारा

फोटो टाका ना ताई!

कैरीची_डाळ

दुकानात काढू देत नाहीत. विकत घ्या मग काढा म्हणतात.

टिमिकाचा_पाऊस

ताई, धागा बघून राहवलं नाही. मी सहा वर्षं पापुआतल्या टिमिकाला होतो, खाणीच्या कामावर. तिथून अस्मतांचं अगात्स हे मुख्य गाव जवळ, म्हणजे पापुआच्या हिशेबाने जवळ. छोट्या विमानाने एवेरच्या धावपट्टीवर उतरायचं आणि पुढे बोटीने नदीतून. दोनदा जाऊन आलो.

अख्खं गाव चिखलावर उभं आहे. रस्ते म्हणजे खांबांवर टाकलेल्या फळ्या, आणि त्यांवरून विजेवर चालणाऱ्या दुचाकी खडखडत जातात. प्यायचं पाणी पावसाचं, साठवून ठेवलेलं. दगड तर औषधालाही सापडत नाही. सगळी नद्यांनी आणून टाकलेली माती. म्हणून लोखंड पोचण्याआधी या लोकांना दगडी कुऱ्हाडीसुद्धा वरच्या डोंगराळ मुलखातून अदलाबदलीने आणाव्या लागायच्या. बारीक काम शिंपल्याच्या कडेने, रानडुकराच्या सुळ्याने आणि कॅसोवरी पक्ष्याच्या हाडाने व्हायचं. ज्या मुलखात हत्यार करायला दगड नाही तिथे हे असलं कोरीवकाम उभं राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

ढालीचं लाकूड म्हणजे तिवरांसारख्या दलदलीतल्या मोठ्या झाडांची पाखाडी मुळं. सावरीच्या बुंध्याला आपल्याकडे जसे पंख फुटलेले असतात, तसे. ते मूळ मुळातच चपटं असतं, त्यामुळे फळी जवळजवळ तयारच मिळते. मूठ मात्र फळीतच राखून भोवतालचं लाकूड काढावं लागतं. तुम्ही हात घातलात ती जागा.

एका वयस्कर कारागिराजवळ मी अर्धा दिवस बसलो होतो. फळी जमिनीवर आडवी आणि तो तिच्यावरच मांडी घालून बसलेला. आखणी जवळपास नाहीच, कोळशाच्या दोन-चार खुणा तेवढ्या. मोठा खिळा ठोकून चपटा केलेली छिन्नी आणि लाकडाचा दांडका, एवढ्यावर काम. ठक ठक ठक, आणि ढलप्या फळ्यांच्या फटीतून खाली चिखलात. संध्याकाळी भरतीचं पाणी आलं आणि त्या ढलप्या तरंगत गेल्या, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तुमच्या तळव्याला लागलेली भुकटी म्हणजे शिंपले जाळून केलेला चुना. आपल्या कोकणात करायचे तसाच. तांबडा रंग मातीचा, काळा कोळशाचा. चिकटून राहायला त्यात सहसा काही घालत नाहीत, म्हणून तो हाताला येतो. तेव्हा रंग हाताला आला यावरून जुनी-नवी ठरवू नका. पण मूठ आतून खरखरीत आहे हे तुम्ही लिहिलंत, ते माझ्या मते महत्त्वाचं आहे. वर्षानुवर्षं हात फिरलेली मूठ गुळगुळीत होते, विळ्या-कोयत्याच्या मुठीसारखी. छिन्नीचे घाव बोटांना लागतात म्हणजे ती फारशी कुणी धरलेलीच नाही. लढाईतली असण्याची शक्यता मला तरी कमी वाटते.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी त्या आजोबांना दुभाष्यामार्फत विचारलं, ही कुणाची? त्यांनी एक नाव सांगितलं. त्यांच्या वारलेल्या मामाचं. ढालीला मेलेल्या माणसाचं नाव देतात, पहिल्यापासून. मी म्हटलं, पण ही तर विकायची आहे ना? ते म्हणाले, हो. म्हणजे मामा लांब जाईल.

दप्तरदार

टिमिकाचा_पाऊस, फार सुरेख लिहिलंत. मी संग्रहालयाच्या क्षेत्रात होतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

अस्मतांची गोष्ट लाकडापासूनच सुरू होते. फुमेरिपित्स नावाच्या आदिपुरुषाने झाडांतून माणसं कोरली, मग ढोल कोरला, आणि ढोल वाजू लागल्यावर त्या लाकडी आकृती हलायला लागल्या, नाचायला लागल्या. तेच पहिले अस्मत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे झाड: पाय मुळं, धड खोड, हात फांद्या आणि डोकं हे फळ. हे एकदा लक्षात आलं की ढालीवरची नक्षी वाचता येते. ढालीवर वटवाघूळ असतं, कारण मोठं वटवाघूळ फळ खातं. धनेश आणि काळा काकाकुवा असतात, तेही फळ खाणारे. प्रार्थनाकीटक असतो, कारण मादी नराचं डोकं खाते. शत्रूचं शिर आणण्याची प्रथा ज्या समाजात होती तिथे 'फळ खाणारा' म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको.

अस्मत भाषेत ढालीला 'यामास' म्हणतात आणि कोरणाऱ्याला 'वोव-इपित्स'. ढाली एकट्यादुकट्याने, सवडीने केल्या जात नसत. त्यासाठी खास सण मांडला जायचा. ज्याला ढाल हवी तो कारागिराला बोलवायचा आणि काम चालू असेपर्यंत त्याच्या जेवणाखाण्याची सोय बघायचा. हे मुद्दाम सांगतोय. कारागिराला मोबदला देऊन ढाल करून घेणं ही पर्यटकांनी आणलेली गोष्ट नाही. तेव्हा मोबदला साबुदाण्याच्या झाडाचा गर आणि मासे होता, आता नोटा आहेत.

बदल झाला तो ढाल कशासाठी करायची यात. ज्याचं नाव ढालीला, त्याच्या मृत्यूचा सूड बाकी असायचा. ढाल ही त्या बाकीची सतत आठवण होती. वरच्या टोकाची जी आकृती ताईंनी पाहिली ती बहुधा त्या पूर्वजाचीच.

१९५० च्या दशकात डच अंमल आणि मिशनरी तिथे स्थिरावले तशा लढाया कमी होत गेल्या. १९६३ मध्ये हा मुलूख इंडोनेशियाकडे आला. त्यानंतरची काही वर्षं अस्मतांच्या सगळ्यात वाईट दिवसांपैकी. नव्या अधिकाऱ्यांना सण, कोरीवकाम, पुरुषांची सामाईक घरं या सगळ्यात शिर कापण्याची प्रथाच दिसायची. सणांवर बंदी आली, घरं जाळली गेली, कोरणं थांबलं. त्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून एक प्रकल्प आला. कारागिरांना पुन्हा कोरायला सांगायचं आणि झालेलं काम विकत घ्यायचं, असं त्याचं स्वरूप होतं. तिथल्या क्रोसियर या कॅथलिक मिशनचे अमेरिकन बिशप अल्फान्स सोवाडा हे स्वतः मानववंशशास्त्र शिकलेले. त्यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये अगात्सला अस्मत संग्रहालय उघडलं, आणि १९८१ पासून दर वर्षी कोरीवकामाची स्पर्धा आणि लिलाव सुरू झाला.

विक्रीने ही कला बिघडवली असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा. बंदीच्या काळात कोरण्यासाठी जे एक कारण उरलं ते विक्री. त्या वर्षांत कुणी विकत घेतलं नसतं तर छिन्नी धरायची कशी हे शिकवणारे हात संपले असते.

उभा_दांडा

वरचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मला कैरीची_डाळ यांच्या यजमानांचं म्हणणं पटतं आणि ते मनापासून मांडतो.

वस्तूचं खरेपण तिच्या कामात असतं. नांगर जमीन नांगरतो म्हणून नांगर. सिंहगडाच्या पायथ्याशी ज्या तलवारी मिळतात त्या हातात घेऊन बघा, धार नाही, तोल नाही. आकार तलवारीचा म्हणून तिला तलवार म्हणायचं का? आणि केळकर संग्रहालयात गेंड्याच्या कातड्याची ढाल बघताना अंगावर काटा येतो, तो ती कुणीतरी वार झेलायला हातात धरली होती म्हणून. विकायला केलेल्या ढालीवर कुणाचा वार पडणार आहे?

दुसरी गोष्ट. एखाद्या समाजाच्या मृतांची नावं आपण दिवाणखान्यात टांगायची, हे मला बरं वाटत नाही. आपल्या देवघरातला टाक कुणी परदेशी माणसाने शोकेसमध्ये ठेवला तर आपल्याला कसं वाटेल?

टिमिकाचा_पाऊस

उभा_दांडा, तुमचा दुसरा मुद्दा मलाही अगात्सला टोचत होता. म्हणूनच मी त्या आजोबांना तसं विचारलं. त्यांच्या उत्तरात मला दुःख दिसलं नाही. नाव घेतलं जातं, सांगितलं जातं, याचा आनंद दिसला. पण तो एक माणूस. सगळ्या अस्मतांच्या वतीने मी बोलू शकत नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र भांडेन. पायथ्याची तलवार जो करतो त्याला तलवारीचं पोलाद माहीत नसतं. तो साच्यातून पत्रा कापतो. अगात्सला विकायची ढाल करणारा तीच मुळं निवडतो, तोच चुना जाळतो, वटवाघूळ कसं कोरायचं ते वडिलांकडून शिकलेला असतो. ढाल हलकी हवी, मूठ एकसंध हवी, हे सगळं तो पाळतो. वार झेलण्याचं काम तेवढं संपलंय.

बोहाड्याची_रात्र

आमचं गाव जव्हारजवळ. तिकडे बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं रात्रभर निघतात, तोंडाला मुखवटे असतात. काही लाकडी, काही कागदाच्या लगद्याचे.

आमच्या ओळखीचे एक काका हे मुखवटे करतात. आता वर्षभर शहरातल्या प्रदर्शनांत त्यांचे मुखवटे विकले जातात, हॉटेलवाले घेतात, घरसजावटवाले घेतात. एकदा एका गिऱ्हाईकाने त्यांच्या घरी येऊन आतल्या खोलीतला जुना मुखवटा बघितला आणि म्हणेल ती किंमत देतो म्हणाला. काकांनी तो दिला नाही. म्हणाले, तो बोहाड्याचा आहे, त्याची पूजा झालीय, तो विकायचा नसतो. हे बाहेर मांडलेत त्यातला कुठलाही घ्या.

मी तेव्हा लहान होते. मी विचारलं, मग बाहेरचे खोटे का? काका रागावले. खोटे कसे, माझ्या हातचे आहेत, म्हणाले. त्यांच्या डोक्यात खरा आणि खोटा असे दोन ढीग नव्हतेच. एक विकायचा आणि एक न विकायचा, एवढंच. दोन्ही करताना हात सारखाच चालायचा, ते मी बघितलंय.

उभा_दांडा यांच्या टाकाच्या प्रश्नाला मला वाटतं हेच उत्तर. पुजलेला टाक कुणी देऊ नये, घेऊ नये. पण सोनाराच्या दुकानात टाक विकायलाच असतात की.

उभा_दांडा

बोहाड्याची_रात्र, सोनाराच्या दुकानातला टाक... हा विचार मी केला नव्हता. प्रामाणिकपणे सांगतो, यावर विचार करावा लागेल.

जुनी_पेटी

ताई, कृपया '६० वर्षं जुनी' वाली घेऊ नका. माझा अनुभव सांगते.

आठ वर्षांपूर्वी आम्ही बालीला गेलो होतो. तिथे एका दुकानात अशीच 'जुनी' ढाल घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. घरी आल्यावर तीन महिन्यांनी खाली पिठासारखा भुसा पडायला लागला. बारीक बारीक भोकं. लाकूड पोखरणारे भुंगे आतच आले होते. दोन वर्षांत पुढच्या खोलीच्या दाराच्या चौकटीलाही भोकं दिसली. मी घाबरून ढालीला वॉर्निश मारलं आणि तिथे सगळा घोळ झाला. चुन्याचा पांढरा रंग तेल पिऊन पिवळा, डागाळलेला झाला. मग एका जाणकारांना दाखवली. ते म्हणाले, जुनेपणा दिसावा म्हणून आधीच धुरात धरून वर चहाचं पाणी फासलेलं आहे. कडांवरची झीज कानशीने केलेली होती, सगळीकडे सारखी.

रागापेक्षा मला वाईट याचं वाटलं की ज्याने ती कोरली त्याने ती नवी म्हणूनच विकली असणार. ती खोटी झाली मधल्या माणसाच्या हातात. चांगल्या नव्या कामावर खोटं वय चढवलं आणि करणाऱ्याचं नाव पुसून टाकलं.

दप्तरदार

जुनी_पेटी, भुंग्यांच्या बाबतीत काही सूचना, इतरांनाही उपयोगी पडतील. अशी वस्तू घरी आली की पहिले काही महिने जाड प्लॅस्टिकमध्ये वेगळी ठेवावी आणि खाली पांढरा कागद अंथरावा. भुसा पडला तर लगेच कळतो. संग्रहालयात अशा वस्तू हवाबंद करून शून्याखाली वीस अंशांच्या आसपास एक-दोन आठवडे ठेवतात, त्याने अळ्याही मरतात. कीड दिसली तर औषध फवारण्याआधी संवर्धकाला विचारावं. अशा ढालीला ओलं फडकं, तेल, वॉर्निश कधीही लावू नये. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, तीही रंगाच्या कडेकडेने. उन्हात ठेवू नये, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये.

आणि कायद्याचं. इंडोनेशियाचा २०१० चा सांस्कृतिक वारशाचा कायदा आहे. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या, सांस्कृतिक मोल असलेल्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचा दुकानदार खरं बोलत असेल तर ती ढाल सहजासहजी बाहेर काढता येणार नाही. आणि तो 'बिनधास्त न्या, कुणी अडवत नाही' म्हणत असेल तर त्याचा त्यालाच ६० वर्षांवर विश्वास नाही. पिसं किंवा कस्कसची (झाडांवर राहणारा तिकडचा पिशवीवाला प्राणी) कातडी लावलेली असेल तर वन्यजीवांचे नियम लागतात. अशी घेऊच नका. नुसत्या लाकडालाही भारतात येताना कीडनियंत्रणाचे नियम आहेत, सामान पाठवणाऱ्या कंपनीकडून धुरी दिल्याचा दाखला घ्या.

जुन्याच्या हव्यासाबद्दल एक सांगतो. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचा मुलगा माइकल अस्मत भागात कोरीवकाम गोळा करत फिरत होता. नोव्हेंबरमध्ये नदीच्या मुखाशी त्याची नाव उलटली. सोबतचा डच मानववंशशास्त्रज्ञ उलट्या नावेवर थांबला आणि वाचला, माइकल किनाऱ्याकडे पोहत निघाला तो परत दिसला नाही. वय २३. त्याने जमवलेलं काम आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्याच नावाच्या दालनात आहे. त्याने ते फुकट उचललं नव्हतं, लोखंडी कुऱ्हाडी, तंबाखू, गळ असं देऊन घेतलं होतं. म्हणजे आज जगभर ज्यांना 'अस्सल' म्हणतात त्यातल्या कितीतरी वस्तू विकल्या-घेतल्या गेलेल्याच आहेत.

पानशेतचं_पाणी

अस्मत नाही, पण न्यू गिनीच्याच दुसऱ्या अर्ध्या भागातली, पापुआ न्यू गिनीच्या वाघी खोऱ्यातली गोष्ट सांगतो, कारण ती वाचून मी अक्षरशः उडालो होतो.

तिथे माणसाएवढ्या उंच लाकडी ढाली असत. ऑस्ट्रेलियन अंमलात लढाया थांबल्या आणि ढालीही गेल्या. देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या आसपास आणि पुढे १९८० च्या दशकात कुळाकुळांच्या लढाया पुन्हा पेटल्या आणि नव्या ढाली झाल्या. पण त्यांवरचा रंग आता दुकानातल्या तयार रंगाचा. आणि चित्रं? बिअरच्या बाटलीवरचा छाप. 'सिक्स टु सिक्स', म्हणजे संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, ही रात्रभराच्या पार्टीच्या जाहिरातीतली अक्षरं, इथे अर्थ असा की आम्ही दिवसभर लढू. आणि काही ढालींवर चक्क आपला वेताळ!

हो, तोच. इंद्रजाल कॉमिक्समधला कवटीच्या अंगठीवाला, डोळ्यांवर मुखवटा, चालता-बोलता वेताळ. १९६४ पासून ते अंक निघायचे, आमच्या लहानपणी भाड्याने आणून वाचायचो, एका दिवसाचे दहा पैसे. तिकडे त्याच्या चित्रकथा स्थानिक टोक पिसिन भाषेत वर्तमानपत्रात यायच्या. आणि लढाईला जाणाऱ्या माणसाने ढालीवर कुणाला काढावं? जो कधीच मरत नाही त्याला. आपण शाळेच्या वहीवर काढायचो, त्यांनी ढालीवर काढला.

पुढे बंदुका आल्या, काहींनी गाडीच्या पत्र्याच्या ढाली करून पाहिल्या, पण लाकडी ढालींचा लढाईतला उपयोग सरला. मग त्या संग्रहालयांनी आणि व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, आणि विक्रीसाठीही तशा रंगवल्या जाऊ लागल्या. वेताळाची ढाल लढाईत वापरलेली आहे, तरी कित्येक खरेदीदारांना ती 'पारंपरिक' वाटत नाही. उलट काल कोरलेली जुन्या नक्षीची ढाल पारंपरिक वाटते. उभा_दांडा यांच्या व्याख्येने वेताळाचीच खरी!

उभा_दांडा

माझ्या व्याख्येने तीच खरी, आणि मला ते मान्य आहे. मीही ते अंक वाचून मोठा झालोय. ती ढाल बघायला मिळाली तर आनंद होईल.

मिरीकर

आम्ही बोर्निओत, सारावाकमधल्या मिरीला आहोत. इथल्या डायक आदिवासींच्या ढाली कुचिंगच्या बाजारात ढिगाने मिळतात. वेगळ्या असतात, षटकोनी, मधोमध उंचवटा, वर मोठ्या डोळ्यांचा चेहरा आणि वेलबुट्टी. जुन्या ढालींवर आडव्या वेताच्या पट्ट्या घट्ट आवळलेल्या असायच्या, कारण लाकूड हलकं आणि वार बसला की उभं चिरतं. आता विकायला असतात त्यांत वेत बहुधा नसतो किंवा नुसता रंगवलेला असतो. माझ्या नवऱ्याने वेत आवळलेली एक शोधून काढली, करणारा म्हणाला की बाबा असंच करायचे म्हणून मीही करतो. त्यामुळे घेताना अशी एखादी गोष्ट बघावी जी दिसण्यासाठी लागत नाही, फक्त ढालीसाठी लागते. ती असेल तर करणाऱ्याला ढाल माहीत आहे.

कैरीची_डाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मिरीकर, तुमचं शेवटचं वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

काल पुन्हा जालान सुराबायाला गेले. आधी '६० वर्षं' वालीच्या मुठीत हात घातला. तशीच खरखरीत. कडांची झीज बघितली, सगळीकडे सारखी. काही बोलले नाही. मग शेजारच्या दोन नव्या ढाली उलट्या करून बघितल्या. एकीची मूठ खिळ्यांनी ठोकलेली. दुसरीची एकाच लाकडातली, आणि हातात घेतली तर इतकी हलकी की दचकले. समोर वटवाघळं आहेत, आता मला ओळखता येतात. मी विचारलं, कुणी केली? दुकानदार म्हणाला, अस्मत. मी म्हटलं, हो, पण माणूस कोण? गाव कुठलं? त्याला माहीत नव्हतं. हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता म्हणे.

आणि तिथे मला कळलं की मला काय खुपत होतं. जुनी की नवी याचं नव्हतं ते. घरी आलेल्या कुणी विचारलं, ही कुणाची, तर मला सांगता यायला हवं.

टिमिकाचा_पाऊस, अगात्सचा तो लिलाव ऑक्टोबरात असतो ना, त्याला जाणारं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? तिथे कारागिराचं नाव-गाव मिळतं का? आम्ही मे महिन्यात निघतोय, पण नवऱ्याचे सहकारी इथेच आहेत, ते पुढे पाठवू शकतील.

टिमिकाचा_पाऊस

आहे. माझा जुना सहकारी टिमिकालाच आहे, तो बहुतेक वर्षी जातो. मी गेलो होतो तेव्हा प्रत्येक कामाबरोबर कारागिराचं नाव आणि गाव होतं, कारागीर स्वतः आपल्या कामाशेजारी उभे होते. त्याला सांगतो, ढाल घेताना तिचं नावही विचारून लिहून घे म्हणून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कैरीची_डाळ

व्यनि मिळाला! नवरा म्हणतोय, मोठी नको, पुण्याच्या घरात छत खाली आहे. म्हणजे घ्यायला तयार झालाय.

आता एकच. ती टांगायची की टेकवून ठेवायची? आमच्या बैठकीच्या खोलीची एकच भिंत कोरडी आहे, बाकी दोन पावसाळ्यात ओल धरतात.

दप्तरदार

कोरड्या भिंतीवरच. मुठीतून दोरी घालून टांगू नका, सगळा भार तिथे येतो आणि मूठ तडकते. खालून आधार देणाऱ्या दोन लाकडी खुंट्या आणि वर घसरू नये म्हणून एक, त्यांना आतून नमदा लावा. भिंतीपासून दोन बोटं अंतर राहू द्या, मागून वारा फिरला पाहिजे.